कात्रीचं पाऊच, पट्टा आणि पाकीट: कोणतं लेदर घ्यायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही नाशिककडच्या पिंपळगावचे, घरची द्राक्षबाग आहे, वडिलांसाठी छाटणीच्या कात्रीचं कमरेला लावायचं पाऊच करायचंय, स्वतःला एक पट्टा आणि बहिणीला एक पाकीट. ऑनलाइन 'जेन्युइन लेदर' लिहिलेला एक मऊ तुकडा मागवला, त्याचं पाऊच शिवलं, आणि ते पिशवीसारखं लोंबायला लागलं, कात्री आत घालताना दोन्ही हात लागतात. आता परत पैसे घालायच्या आधी विचारताय की क्रोम टॅन घेऊ का वेज टॅन (कातडं कमावायच्या या दोन पद्धती), किती जाडीचं, आणि तिन्ही वस्तू एकाच कातड्यात होतील का.

एकाच कातड्यात नाही होणार. दोन कातड्यांत मात्र आरामात होतील, आणि दुसरं अगदी लहानसं लागेल. तुमचं शिवणकाम फोटोत चांगलं दिसतंय, टाके सरळ आहेत, त्यामुळे पाऊच लोंबलं ते तुमच्या हातामुळे नाही. वस्तू एक मागत होती आणि कातडं दुसरंच होतं, एवढंच झालंय.

वेज का क्रोम हा प्रश्न मी कधी पहिला विचारत नाही. गिऱ्हाईक आलं की आधी वस्तूबद्दल विचारतो. तिला आपला आकार स्वतः धरून ठेवायचाय का, का आतल्या सामानाप्रमाणे वाकायचंय? तिच्या कडा उघड्या राहणार का दुमडून आत जाणार? ती किती भिजणार आणि भिजल्यावर तिला कोण वाळवणार? एवढं कळलं की कातडं कसं कमावलेलं पाहिजे ते आपोआप ठरतं, मग उरते फक्त जाडी आणि जनावराच्या अंगावरची जागा. लोक उलट्या बाजूने सुरू करतात, आधी छान दिसणारं लेदर घेतात आणि मग त्याचं काय करू विचारतात.

आता कमावणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हलगीचं पान असतं ना, ते कच्चं कातडं. केस काढले, ताणलं, वाळवलं, बस. म्हणून ते कडक असतं, दमट हवेत सैल पडतं, आणि वाजवायच्या आधी शेकोटीवर धरून तापवावं लागतं. असं कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं. कमावताना त्या कातड्याच्या तंतूंमध्ये असं काही बसवतात की मग ते सडत नाही आणि वाळून काचेसारखं होत नाही. ते 'असं काही' झाडाच्या सालीतून आलं तर वेज टॅन, क्रोमियमच्या क्षारातून आलं तर क्रोम टॅन.

वेज टॅनमध्ये आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल हे जुने पदार्थ, आता मोठ्या टॅनरीत वॅटल नावाच्या झाडाच्या सालीचा अर्क खूप चालतो. तुमच्या घरात खरी कोल्हापुरी चप्पल असेल तर ती हातात घेऊन बघा, ते वेज टॅनच आहे. त्यात कातडं पिशवीसारखं शिवून आत साल-हिरड्याचं पाणी भरून टांगायची पद्धत आहे, काम कित्येक दिवस चालतं. सालीतला टॅनिन नावाचा तुरट पदार्थ तंतूंच्या मधली जागा भरून टाकतो, म्हणून कातडं भरीव होतं, घट्ट होतं, ओलं करून दाबलं तर तो आकार धरतं आणि वाळल्यावर तसंच राहतं. कड घासली की काचेसारखी गुळगुळीत होते. क्रोमचं काम साधारण दिवसभरात उरकतं. कातडं निळसर होऊन निघतं, त्याला धंद्यात वेट ब्लू म्हणतात. क्रोमियम अगदी थोडं लागतं पण तंतूंना पक्कं बांधतं, त्यामुळे कातडं हलकं, मऊ, लवचिक राहतं, पाण्याला आणि उष्णतेला जास्त टिकतं. पण आकार धरत नाही. दाबा, सोडा, परत पहिल्यासारखं. तुमचं पाऊच लोंबलं ते यामुळेच.

पाण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याकडे विहिरीवर मोट असायची, जुनी मोट चामड्याची, आणि ते चामडं सालीतच कमावलेलं. पाणी चालायचं, पण सतत ओलं-कोरडं होऊन टॅनिन हळूहळू निघून जायचा, म्हणून तेल पाजत राहावं लागायचं आणि तरी ती कुजायचीच. १९०३ च्या सुमारास मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम टॅनिंगचे प्रयोग सुरू केले, त्यामागे एक कारण हेच होतं की पाणी काढायच्या कातडी मोटा जास्त दिवस टिकाव्यात. म्हणजे कायम पाण्यातच राहणारी वस्तू असेल तर क्रोमचं पारडं जड. अधूनमधून भिजणारी, संध्याकाळी घरात येऊन वाळणारी वस्तू असेल तर वेज टॅन घाबरण्यासारखं नाही, फक्त काळजी घ्यावी लागते. वडिलांचं पाऊच या दुसऱ्या प्रकारात येतं.

पाऊच

यावर जरा जास्त लिहितो, कारण तिन्हींत हेच अवघड आहे आणि रोज वापरात राहणार आहे.

पाऊचला काय काय पाहिजे बघा. तोंड कायम उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे एका हाताने, न बघता कात्री आत गेली पाहिजे. दुसरा हात द्राक्षवेलीच्या काडीवर असतो. कात्री वाकल्यावर पडता कामा नये. टोक कातड्यातून बाहेर येऊन मांडीला लागता कामा नये. या तिन्ही गोष्टी भरीव, आकार धरणाऱ्या कातड्यानेच होतात, म्हणून वेज टॅन, आणि जाडी ३ मिमीच्या आसपास. २ मिमीत तोंड काही महिन्यांत बसतं. ४ मिमी घेतलं तर कात्रीच्या आकारावर नीट बसवता येत नाही आणि हाताने शिवताना जीव जातो.

करायची पद्धत अशी. मागचा तुकडा सपाट ठेवा, पुढचा तुकडा सगळ्या बाजूंनी थोडा मोठा कापा कारण तो फुगणार आहे. पुढचा तुकडा कोमट पाण्यात बुडवा. कोमट म्हणजे बोट आरामात राहील इतकंच, कारण ओलं वेज टॅन ७०-८० डिग्रीच्या आसपास आकसायला लागतं आणि एकदा आकसलं की ते कातडं गेलंच, परत येत नाही. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा आणि थांबा. लगेच हात लावू नका. वरचा रंग जरा उजळ व्हायला लागला, पण हाताला गार लागतंय, ती वेळ बरोबर. कात्री बंद करून, लॉक लावून, प्लॅस्टिकच्या दोन घड्यांत गुंडाळा आणि त्यावर हे कातडं बसवून अंगठ्याने आणि लाकडी दांड्याने दाबत जा. कात्रीच्या जोडाचा खिळा, स्प्रिंगचा फुगवटा, दोन्ही दांड्यांमधली खोल जागा, सगळं कातड्यावर उमटायला पाहिजे. मग सावलीत वाळू द्या, पूर्ण एक-दीड दिवस. एप्रिलमध्ये पत्र्यावर उन्हात ठेवायचा मोह होतो, तो आवरा.

शिवताना दोन तुकड्यांच्या मधे कडेने एक सेंटिमीटर रुंदीची त्याच कातड्याची पट्टी घालायची. ही पट्टी विसरू नका. ती नसली तर कात्रीचं पातं आत जाताना थेट दोऱ्याला लागतं, रोज एक-एक धागा तुटत जातो आणि एक दिवस तळ उघडतो. पट्टी असली की पातं कातड्याला घासतं, दोऱ्यापर्यंत पोचतच नाही. दोरा मेणाचा पॉलिस्टर, ०.८ ते १ मिमी. सुती दोरा घेऊ नका, दमट जागी आधी तोच कुजतो. तळाला एक बारीक भोक ठेवा, पाणी आणि काडीचा भुसा निघून जायला.

जोड पक्के करायचे रिव्हेट (ठोकायचे खिळे) पितळी किंवा तांब्याचे. साधे लोखंडी रिव्हेट वेज टॅनवर ओल लागली की भोवती काळा डाग सोडतात. टॅनिन आणि लोखंड मिळून काळं होतं, हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी काळी शाई करायचे, तीच ही गोष्ट. याच कारणाने कात्री रात्रभर पाऊचमध्ये ठेवायची नाही. ओलसर कातड्यात पोलाद ठेवलं की पात्यावर काळे ठिपके आणि गंज येणार, क्रोम असो की वेज. संध्याकाळी काढायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, पाऊच वेगळं टांगायचं. वडिलांना हे एकदा सांगितलं की झालं, कात्रीची काळजी ते तुमच्यापेक्षा जास्त घेत असतील.

शेवटी मेण. मधमाशीचं मेण आणि थोडं एरंडेल किंवा नीट्सफूट तेल (चामड्याला लावायचं, गुरांच्या पायाच्या हाडांपासूनचं तेल) गरम करून पातळ करा, वरून हलक्या हाताने चोळा. नुसतं तेल भरपूर पाजलं की कातडं परत मऊ पडतं आणि इतक्या मेहनतीने बसवलेला आकार सैल होतो, म्हणून पाऊचला तेल कमी, मेण जास्त.

औषधाचं काय

हे तुम्ही विचारलेलं नाही पण मला महत्त्वाचं वाटतं. कातडं सच्छिद्र असतं. जे अंगावर पडतं ते आत शोषून घेतं आणि धुवून पूर्ण निघत नाही. तुमच्याकडे ऑक्टोबर छाटणी झाली की पाठोपाठ काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावतात, ते हायड्रोजन सायनामाइड, कातडीला वाईट, आपल्याही आणि पाऊचच्याही. छाटणीची आणि पेस्टची माणसं बऱ्याचदा तीच असतात, कमरेचं पाऊच काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. ते काढायचंच. फवारणीचंही तेच. बोर्डो या बुरशीवरच्या फवाऱ्यात मोरचूद आणि चुना असतो, चुन्याने वेज टॅन काळवंडतं आणि हळूहळू ठिसूळ होतं, ते एक वेळ राहू द्या, पण कीटकनाशक मुरलेलं कातडं दिवसभर कमरेला बांधून फिरणं मला अजिबात पटत नाही. एखादं औषध पाऊचवर चांगलं सांडलं तर ते पाऊच टाकून द्या, जीव गुंतवू नका. फवारणीच्या दिवसांसाठी प्लॅस्टिकचं, धुता येणारं एखादं ठेवा. चामड्याचं फक्त छाटणीला, म्हणजे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी, आणि मधल्या विरळणी वगैरेच्या कोरड्या कामांना.

इथे परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करतो. अवकाळी पावसात काम चालूच राहतं, दिवसेंदिवस पाऊच ओलं राहतं, घरी आल्यावर कोण पुसत बसणार, असं असेल तर वेज टॅनचा हट्ट मी धरणार नाही. तिथे जाड, तेल-मेण भरलेलं क्रोम रिटॅन घ्या, म्हणजे आधी क्रोमने कमावून मग सालीच्या अर्काने भरलेलं, बुटांना वापरतात तसं. आकार वेज टॅनइतका नाही धरत पण तुमच्या आत्ताच्या तुकड्यापेक्षा खूप बरा, आणि पाण्याला मजबूत. त्याला तोंडाशी आतून एक जादा पट्टी शिवली की तोंड उघडं राहतं.

पट्टा

पट्ट्याचं सोपं आहे. वेज टॅन, एकच थर, ३.५ ते ४ मिमी, पाठीच्या भागातलं, आणि पट्टी कण्याच्या दिशेने कापलेली. जीन्सवर घालणार असाल तर रुंदी ३८ मिमी, फॉर्मलवर ३० ते ३५.

पाठीचा भाग का, तर तिथे तंतू सगळ्यात दाट असतात. पोटाचं कातडं ढिलं असतं, जनावराचं पोट फुगतं-कमी होतं, तिथे तंतूंना ताणायची सवयच असते. पोटाच्या भागाचा पट्टा पहिल्या दिवशी सुंदर दिसतो, सहा महिन्यांत दोन भोकं लांब होतो आणि कडेने लाटा येतात. खांद्याचा भाग मधला, त्यावर सुरकुत्या असतात, पाऊचला चालतो, किंबहुना पाऊचला मी खांदाच वापरतो कारण तो ओला करून चांगला बसतो. म्हणजे तुमचा पट्टा आणि पाऊच एकाच वेज टॅन कातड्यातून निघतात, पट्टा पाठीतून, पाऊच खांद्यातून. फक्त ३.५ मिमीचं घेतलं तर पाऊचच्या तुकड्याला अर्धा मिमी सोलून घ्यावं लागेल, ते दुकानात मशीनवर करून मागा. रापीने, म्हणजे चामडं सोलायच्या चाकूने, घरी एवढा मोठा तुकडा सारखा सोलणं नव्या माणसाला जमत नाही.

लांबी मोजताना पँटच्या नंबरावर जाऊ नका. जुना पट्टा घ्या, बकल जिथे वळतं तिथपासून तुम्ही वापरता त्या भोकापर्यंत मोजा, तेच मधलं भोक धरा. आणि नवा रंगवलेला वेज टॅन पट्टा पहिले काही दिवस पांढऱ्या पँटवर घालू नका, घामाने रंग सुटतो.

पाकीट

पाकिटाला उलटं. इथे आकार धरायचा नाहीये, इथे जाडी हाच शत्रू आहे. जरा हिशोब करून बघा. बाहेरचं कातडं, आतला पाठीचा तुकडा आणि तीन कप्पे. सगळंच १.२ मिमीचं वापरलं तर कडेला पाच थर, ६ मिमी, आणि दुमडल्यावर १२ मिमी. कार्ड, पैसे काहीच घातले नाहीत अजून. तेच सगळं ०.८ मिमीचं घेतलं तर कडेला ४, दुमडून ८. कप्पे खालच्या बाजूला टी आकारात कापले, म्हणजे मागचा कप्पा पुढच्याच्या मागे पूर्ण तळापर्यंत न जाता वरच थांबला, तर तळाची जाडी अजून कमी होते. बहिणीच्या पर्समध्ये बसायचं असेल तर हे अर्धे-अर्धे मिलिमीटर फार मोठे आहेत.

इतक्या पातळ जाडीत मला बकरीचं क्रोम टॅन आवडतं. बकरीचं कातडं मुळातच पातळ, दाट आणि चिवट असतं, सोलून पातळ करावं लागत नाही. म्हशीचं जाड कातडं सोलून ०.८ वर आणलं की वरची दाट बाजू तेवढी उरते, खालचा मजबूत भाग गेलेला असतो, ते लवकर ताणतं. एक बकरीचं कातडं चार-पाच चौरस फुटांचं येतं, त्यात पाकीट होऊन वर पाऊचच्या पट्ट्याला अस्तर सुद्धा निघेल.

क्रोमची कड घासून चकचकीत होत नाही, तिचा भुगा होतो. त्यामुळे एकतर कड अर्ध्या जाडीपर्यंत सोलून आत दुमडायची, किंवा कडेला एज पेंट लावायचा, दोन-तीन पातळ हात, मधे घासून. कड उघडी आणि गुळगुळीतच पाहिजे असेल तर पाकीटही वेज टॅनमध्ये करा, १ मिमीच्या आसपासचं, ते छान जुनं होतं, हाताच्या तेलाने रंग खोल होत जातो. बहिणीला नवंकोरं दिसणारं पाहिजे का जुनं होत जाणारं, तिलाच विचारा.

तर सध्या यादी अशी झाली: म्हशीचं वेज टॅन, खांदा-पाठीचा भाग, ३.५ मिमी, त्यात पट्टा आणि सोललेल्या तुकड्यात पाऊच. बकरीचं क्रोम, ०.८ मिमी, एक कातडं, त्यात पाकीट. पाऊच रोज ओलंच राहणार असेल तर फक्त पाऊचला क्रोम रिटॅन.

विकत घेताना

'जेन्युइन लेदर' या शब्दांवर काहीच ठरवू नका. त्याचा अर्थ एवढाच की ते खरं कातडं आहे, कुठला थर, कसा, ते काही सांगत नाही. फुल ग्रेन म्हणजे वरची बाजू न घासलेली, जनावराच्या अंगावरच्या खुणांसकट, मजबूत. करेक्टेड ग्रेन म्हणजे डाग घासून वर रंगाचा आणि दाबून उठवलेल्या नक्षीचा (एम्बॉसिंगचा) थर. स्प्लिट म्हणजे वरचा थर काढून घेतल्यावर उरलेला खालचा थर, त्यावर प्लॅस्टिकसारखं फिनिश मारून विकतात, तुमचा ऑनलाइन तुकडा फोटोवरून मला हाच वाटतोय. बॉन्डेड म्हणजे चामड्याचा चुरा गोंदाने चिकटवलेला, त्याला हातच लावू नका. पट्टा आणि पाऊच फुल ग्रेनमध्येच.

दुकानात कापलेली कड मागा, तिथेच सगळं कळतं. क्रोममध्ये बऱ्याचदा मधे निळसर-राखाडी रेघ असते. चांगल्या वेज टॅनची कड आरपार एकसारखी तपकिरी दिसते. मधे पांढरट, कच्ची, शिंगासारखी कडक रेघ दिसली तर टॅनिन आतपर्यंत गेलेलंच नाही, ते घेऊ नका, ते तिथेच तडकणार. मग वरची बाजू आत ठेवून कातडं बोटावर वाकवा. बारीक, जवळजवळ रेषा आल्या तर घट्ट. मोठ्या, फुगीर सुरकुत्या आल्या, वरचा पापुद्रा वेगळा उचलल्यासारखा वाटला, तर ढिलं. नखाने दाबा, वेज टॅनवर खूण राहते, क्रोमवर निघून जाते. ओल्या बोटाचा ठिपका लावा, कच्चं न रंगवलेलं वेज टॅन लगेच गडद होतं.

घरी खात्री करायची असेल तर बारीक पट्टी कापून उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. वेज टॅन आकसून वळतं आणि मग कडक होतं, चांगलं क्रोम बहुतेक तसंच्या तसं राहतं. दुसरी पट्टी चिमट्यात धरून जाळली तर क्रोमची राख हिरवट निघते. प्लॅस्टिकचा वास आला तर काय ते समजा, चामड्याला जळलेल्या केसांचा वास येतो.

गाईचं का म्हशीचं यात परदेशी व्हिडिओंवर जाऊ नका. ते लोक गाईचंच दाखवतात कारण तिकडे तेच मिळतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे कातड्याच्या धंद्यात म्हैसच जास्त. म्हशीच्या कातड्याचा वरचा दाणा (पृष्ठभागाचा पोत) जाड, खडबडीत असतो, तंतू जरा मोकळे, म्हणून त्याच जाडीत गाईच्यापेक्षा थोडं जास्त ताणतं. पट्ट्याला म्हणूनच मी अर्धा मिमी जास्त धरलाय वर. दिसायला ते रांगडं दिसतं आणि शेतातल्या वस्तूला मला ते शोभूनच दिसतं. दुकानदाराकडून पक्कं बिल मात्र घ्या, त्यावर कातडं कशाचं ते लिहून.

नाशिकमध्ये बूट-चप्पल दुरुस्तीचं सामान, दोरा, चिकटवायचं सोल्यूशन, रिव्हेट सगळं मिळतं, पण चांगलं वेज टॅन निवडून घ्यायचं तर मी मुंबईला धारावीलाच जातो. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरायचं, तिथून धारावी जवळ आहे. तिथे माल मद्रासकडून, कानपूरहून, कोलकात्याहून येतो. तमिळनाडूकडचं ईआय म्हणून ओळखलं जाणारं वेज टॅन विचारा, ईस्ट इंडिया टॅन, ते जुनं आणि नावाजलेलं आहे, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, सुद्धा मिळालेलं आहे. ते बहुतेक पातळ आणि मऊ असतं, पाकिटाला किंवा अस्तराला चांगलं. पट्ट्याला वेगळं, जाड, 'हार्नेस' किंवा 'बेल्ट' म्हणून विचारा. कातडं चौरस फुटावर मिळतं, भाव करताना पूर्ण कातड्याचा भाव आणि फक्त पाठीच्या भागाचा भाव वेगळा असतो हे लक्षात ठेवा. तुम्हाला एकच पट्टा करायचा असेल तर कापलेली पट्टीच मागा, अख्खं घेऊ नका. जाडी मोजायचा गेज बरोबर न्या. दुकानदार 'तीन-साडेतीन' म्हणतो आणि कडेला तीन, मधे अडीच भरतं, असं होतं, त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही, कातडं मुळातच सगळीकडे सारखं नसतं.

क्रोम विषारी असतं का

तुम्ही शेवटी हेही विचारलंत. कमावताना वापरतात ते क्रोमियम तीन, ते कातड्यात पक्कं बसतं. घातक असतं ते क्रोमियम सहा, आणि वाईट प्रक्रिया केलेल्या मालात काही वेळा तीनचं सहा होऊ शकतं. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्यासाठी त्याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे, १ मे २०१५ पासून. निर्यातीचा माल करणाऱ्या टॅनरीचं कातडं घेतलं तर ते तपासून आलेलं असतं. बहिणीच्या हाताला आधीपासून ॲलर्जी वगैरे असेल, स्वस्त घड्याळाच्या पट्ट्याने खाज येत असेल, तर पाकीट वेज टॅनमध्ये करा आणि विषय संपवा. नसेल तर चांगल्या ठिकाणच्या क्रोमला घाबरायचं कारण नाही. आणि टॅनरीच्या सांडपाण्याचं म्हणाल तर क्रोमचं वाईट असतंच, पण सालीचंही पाणी नदीत सोडण्यासारखं नसतं, दोन्हीकडे प्रक्रिया करावीच लागते. 'वेज' शब्द ऐकून ते आपोआप निर्मळ समजू नका.

कातडं घ्यायला जायच्या आधी दोन गोष्टी बघून ठेवा. एक, वडिलांच्या कात्रीचं लॉक कुठल्या बाजूला आहे आणि ते पाऊच उजवीकडे लावतात का डावीकडे, कारण ओलं करून बसवलेलं पाऊच एकाच बाजूचं होतं, नंतर फिरवता येत नाही. दुसरं, ते कमरेला पट्टा लावतात का पायजम्याच्या नाडीवर काम करतात. नाडी असेल तर मागे पट्ट्याची फट न ठेवता पाऊचला स्वतःचा एक इंची पातळ पट्टा जोडावा लागेल, त्यासाठी त्याच वेज टॅनमधून २५ मिमीची जादा पट्टी कापून आणा. कात्रीचा बंद केलेल्या अवस्थेतला फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून टाका, त्यावरून कापायचा नमुना काढून देतो.